प्लास्टिकच्या बंपरवर रंग टिकतच नाही का?

शिवडीकर
सात वर्षांची पांढरी हॅचबॅक आहे. मागच्या वर्षी रिक्षाने मागून ठोकली, खोल ओरखडे पडले, म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये मागचा बंपर रंगवून घेतला. गाडी हातात आली तेव्हा काम फर्स्टक्लास दिसत होतं, शेडही जुळली होती. या मे महिन्यात सोसायटीत गाड्या धुणाऱ्याने प्रेशर वॉशर आणलं. त्याचा फवारा बंपरच्या कडेला लागला आणि तळहाताएवढा पापुद्रा उचलून आला. आता नखाने ओढला तरी निघतो. खाली काळं कुळकुळीत प्लास्टिक, त्यावर रंगाचा डागसुद्धा नाही.

गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, प्लास्टिकवर एवढंच टिकतं." मला हे पटत नाही. पुढचा बंपर कंपनीतून आला तसाच आहे. त्यावर दगडांचे टवके आहेत, एका कोपऱ्यात खांबाला घासलाय, पण पापुद्रा कुठेही नाही. ऊन तेच, पाऊस तोच, धुणारा तोच.

तर प्रश्न असे. कंपनीत असं काय करतात जे गॅरेजमध्ये होत नाही? ते मुंबईत कुणी करून देतं का? आणि "करतो" म्हणाला तर तो खरंच करतोय हे माझ्यासारख्याला कसं कळावं?

चहाबाज
फोटो? फोटोशिवाय निदान नाही.

शिवडीकर
@चहाबाज, टाकतो संध्याकाळी. तोवर बायकोने उरलेला रंग सोलला नसेल तर. तिला छंद लागलाय.

सायन_पूल_बंद
मुंबईत बंपर रंगवायच्या भानगडीत पडूच नये. सिग्नलला दुचाकीवाले हँडल घासून जाणार, सोसायटीत शेजारी रिव्हर्स घेताना टेकवणार. पाच हजार घाला आणि पुढच्या आठवड्यात नवा ओरखडा बघा. मी बंपरकडे बघणं सोडून दिलंय. झोप छान लागते.

गिरगावकर
म्हणून आमची पद्मिनी बरी होती. लोखंडी बंपर, त्यावर क्रोम. ठोकली की समोरच्याने सॉरी म्हणायचं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. तिच्या बंपरचे पोपडे निघालेले कुणी पाहिलेत का?

चहाबाज
पोपडे नव्हते, गंज होता काका. टॅक्सीच्या दाराखालून रस्ता दिसायचा. :)

गंधकराव
शिवडीकर, गॅरेजवाल्याचं वाक्य फार तर अर्धं खरं आहे. रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळलात तर पुढे सरका.

हल्लीचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम रबर घालतात आणि आकार धरून राहावा म्हणून टाल्क, म्हणजे आपली शंखजिऱ्याची पूड. बंपरच्या आतल्या बाजूला रोमन अक्षरांत ठसा असतो, साधारण असा: >पीपी+ईपीडीएम-टीडी२०<. शेवटचा वीस म्हणजे वीस टक्के पूड. आरशांची कव्हरं आणि पुढची जाळी बहुधा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची, किंवा एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाची. बाजारात मिळणाऱ्या बॉडी किट पुष्कळदा फायबरच्या. ही तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत आणि "प्लास्टिक" म्हणून तिन्हींवर एकच इलाज केला की तुमच्यासारखी पाळी येते.

पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत नुसता कार्बन आणि हायड्रोजन. रंगाने धरावं असं त्यावर काहीच नसतं. मेणकापडावर पाणी पसरत नाही, गोळा होतं, त्यातलाच प्रकार. रंग वाळून कडक होतो, त्याचा एक अखंड पातळ पत्रा बनतो आणि तो प्लास्टिकवर नुसता टेकलेला असतो. एक कड उचलली की सगळा हातात. खाली डागसुद्धा राहिला नाही म्हणता, तेव्हा रंग मुळात कधी चिकटलाच नव्हता. रंग वाईट होता असं मात्र त्यावरून ठरत नाही. उत्तम रंगही असाच निघाला असता.

कारखान्यात यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे रोबो बंपरवरून गॅसची ज्योत झरकन फिरवतो. अगदी वरचा थर ऑक्सिडाइज होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. दुसरी वाट ॲडहेजन प्रमोटरची. त्यात क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असतं, ते खाली प्लास्टिकशी जमवून घेतं आणि वर रंगाशी. थर जेमतेम पाचेक मायक्रॉनचा. त्यावर बेसकोट, म्हणजे खरा रंग, १५-२० मायक्रॉन, आणि क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चमकीचा थर, ४०-५०. मग ८० अंशांच्या आसपासची भट्टी. लोखंडी बॉडीच्या पहिल्या ईडी कोटाला, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या गंजरोधक थराला, १६० अंशांच्या वर तापवतात, त्यात बंपर घातला तर वाकडा होऊन बाहेर येईल. म्हणून बंपर वेगळ्या लाइनवर, पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात रंगतो. शोरूममधून आलेल्या कोऱ्या मेटॅलिक गाडीचा बंपर आणि फेंडर उन्हात शेजारी शेजारी बघा, किंचित फरक दिसेल. तो यामुळे.

ज्योतीचा प्रयोग गॅरेजमध्ये कुणी करू नये. प्रमोटर मात्र डब्यात मिळतो, स्प्रे कॅनमध्येही मिळतो. त्यामुळे "एवढंच टिकतं" हे काही खरं नाही.

सोनचाफा
वाचनखूण साठवली. रच्याकने, माझ्या गाडीचा खालचा काळा प्लास्टिकचा पट्टा, क्लॅडिंग म्हणतात तो, पार राखाडी पडलाय. तोही रंगवता येतो का?

सायन_पूल_बंद
बूट पॉलिश लावा.

सीएसटी_रोड_पेंटर
काका बरोबर बोलले. पण गॅरेजची बाजू पण ऐका. कुर्ल्याला वडिलांपासून आमचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे.

गिऱ्हाईक येतं. पहिला प्रश्न "किती घेणार", दुसरा "संध्याकाळी मिळेल ना". दोन हजारांत आणि संध्याकाळी पाहिजे म्हटल्यावर पेंटर कुठे वाचवणार? कलर दिसतो, तिथे वाचवता येत नाही. क्लिअरची चमक दिसते, तिथे पण नाही. न दिसणारं एकच, सगळ्यात खालचं. तेच जातं. मी पेंटरला पाठीशी घालत नाही, पण दोन हजारांत ते होत नाही हे पण खरं.

आमच्याकडे बंपर उतरवतो. गाडीवर ठेवून, मास्किंग मारून करत नाही. दिव्याच्या खोबणीत, चाकाच्या कमानीपाशी जिथे कागद लागतो तिथे रंगाची उघडी कड राहते आणि फवारा तिथूनच आत शिरतो. तुमचा पण कडेनेच उचलला ना? उतरवला की आधी साबण आणि कोमट पाणी, खाचा ब्रशने. मग प्लास्टिक क्लीनर. एका फडक्याने लावायचा आणि ओला आहे तोवर दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचा. एकच फडकं वापरलं तर इकडचं तेल तिकडे, बाकी काही नाही. मग ग्रे स्कॉचब्राइटने सगळीकडे मॅट, एकसुद्धा चकाकता ठिपका राहता कामा नये. परत क्लीनर. मग ट्रान्सपरंट प्लास्टिक प्रायमर, काका प्रमोटर म्हणतात तेच. हलका हात, एक-दोन फवारे. जाड मारला की मजबूत होतो असं पोरांना वाटतं. उलट तोच थर मऊ राहतो आणि तिथूनच सुटतो. डब्यावर किती वेळात वरचा कोट मारायचा ते लिहिलेलं असतं, ते वाचायचं. त्याच्यावर टू-के प्रायमर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, वाळला की ६००-८०० चा वॉटर पेपर, बेस, क्लिअर. फवारायला अर्धा तास लागतो, बाकी सगळा वेळ त्याच्या आधी जातो.

कच्च्या पीपीवर जाड दाण्याचा पॉलिश पेपर मारू नका. बारीक तंतू उभे राहतात आणि कलरखाली केसांसारखे दिसतात.

बाजारातून नवा काळा बंपर आणला तर त्याला तर डबल धुवायचा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी त्यावर असू शकतं. नवा आहे म्हणजे स्वच्छ आहे असं समजून डायरेक्ट प्रायमर मारतात आणि मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणतात.

सीएसटी_रोड_पेंटर
@सोनचाफा ताई, क्लॅडिंग रंगवू नका. त्याला दाणेदार टेक्श्चर असतं, दगड सगळ्यात जास्त तिथेच लागतात, आणि एकदा रंगवलं की कायमचं रंगवत बसावं लागतं. चांगला ट्रिम रिस्टोरर आणा, नीट धुऊन लावा. आणि ते सिलिकॉनचं टायर पॉलिश प्लास्टिकवर मारू नका हो. दोन धुण्यांत जातं आणि नंतर कधी बाजूचा पार्ट रंगवायचा म्हटलं की कलरमध्ये फिश आय पडतात, बारीक बारीक गोल खड्डे. ते काढताना आमचा जीव जातो.

गच्चीवरचा_वैज्ञानिक
हीट गन फिरवा ना क्लॅडिंगवर. पुन्हा काळंभोर होतं. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत.

गंधकराव
होतं, आणि काही महिन्यांत पुन्हा राखाडी होतं. उन्हाने वरचा थर खराब झालेला असतो, तापवलं की तो वितळून बसतो आणि आतली तेलं वर येतात, म्हणून काळं दिसतं. ऊन काही थांबत नाही. शिवाय एका जागी दोन सेकंद जास्त धरलीत तर टेक्श्चर वितळून गुळगुळीत डाग पडतो, आणि तो मात्र कायमचा.

गच्चीवरचा_वैज्ञानिक
बरं. पण प्लास्टिक ओळखायला ठसा शोधत कशाला बसायचं? मागून एक कपची कापायची आणि पाण्यात टाकायची. तरंगली तर पीपी, बुडाली तर एबीएस. मी आरशाची कव्हरं अशीच ओळखली आणि गच्चीवर स्प्रे कॅनने रंगवली. बुडालं, म्हणजे एबीएस, म्हणजे प्रमोटरची गरज नाही. हलकं घासलं, प्रायमर, काळा, टू-के क्लिअरचा कॅन. दोन पावसाळे झाले, काही झालेलं नाही.

गंधकराव
आरशांच्या बाबतीत तुमचं उत्तर बरोबर आलं, रीत मात्र बंपरला चालणार नाही. शुद्ध पीपीची घनता ०.९, ते तरंगतं. त्यात वीस टक्के टाल्क घातलं की घनता साधारण १.०५ वर जाते, म्हणजे एबीएसच्याच घरात. बंपरची कपची बुडेल, तुम्ही एबीएस समजून प्रमोटर गाळाल आणि इथे नवा धागा काढाल. ठसा बघा. ठसा सापडला नाही तर प्रमोटर मारा, एबीएसलाही चालणारे प्रमोटर मिळतात. डबा वाचून घ्या म्हणजे झालं.

एबीएसचं वेगळंच नाजूक आहे. त्याला रंग चिकटतो, पण जहाल थिनर सोसत नाही. डाग पुसायला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरचा बोळा फिरवला की बारीक तडे पडतात, आणि ते कधी कधी रंगानंतर वर दिसायला लागतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं.

आणि वैज्ञानिक, टू-केचा कॅन फवारताना तोंडाला काय बांधलं होतंत?

गच्चीवरचा_वैज्ञानिक
कोविडमधला मास्क उरला होता.

गंधकराव
तो धुळीचा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कारखान्यात हे फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क देतात, कारण याने जडणारा दमा असा असतो की एकदा जडला की पुढे थोड्या वाफेनेही उफाळतो. त्यात गच्चीवर कोण कपडे वाळत घालत होतं, कुणाची मुलं खेळत होती, हाही प्रश्न आहेच. टू-के हौशी माणसाने पेंटरकडे द्यावं. हे मी कुणालाही सांगेन.

चहाबाज
कबुतरांचं काय झालं ते विचारा कुणीतरी.

गच्चीवरचा_वैज्ञानिक
कबुतरं मजेत आहेत. एका कव्हरवर ओल्या क्लिअरमध्ये पिसाचा ठसा आहे, कस्टम डिझाइन म्हणून सांगतो.

बोरिवली_फास्ट
पेंटरदादा, आमच्याकडे एक जण म्हणाला की क्लिअरमध्ये फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे रंग लवचीक ठेवणारं द्रव्य, टाकलं नाही तर बंपर दबला की रंग तडकतो. खरं का?

सीएसटी_रोड_पेंटर
खरं. बंपर वाकतो, पत्रा वाकत नाही. फ्लेक्स नाही टाकलं तर एक बारीक धक्का आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. मी प्रायमरमध्ये पण टाकतो आणि क्लिअरमध्ये पण.

गंधकराव
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. हल्लीची बरीच टू-के क्लिअर मुळातच पुरेशी लवचीक असतात, त्यांच्या माहितीपत्रकात "लवचीक भागांसाठी वेगळं काही नको" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अशांत ॲडिटिव्ह टाकलं की क्लिअर मऊ राहतं, लवकर ओरखडतं, चमक उतरते. ज्याच्या पत्रकात मागितलंय त्यात टाकावं, सांगितल्या प्रमाणात.

सीएसटी_रोड_पेंटर
काका, पत्रक वाचून बंपर दबत नाही. तडकलेले बंपर माझ्याकडे परत येतात, प्रयोगशाळेत येत नाहीत.

गंधकराव
तडकलेल्यांत थर किती जाड होता ते मोजलंत का? जुन्या रंगावर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, वर पुन्हा रंग, असा अर्ध्या मिलिमीटरचा थर फ्लेक्स घालूनही तडकेलच.

सीएसटी_रोड_पेंटर
ते मात्र मान्य. पुट्टीचे डोंगर असतात लोकांच्या बंपरवर. पण फ्लेक्स मी टाकणारच.

चहाबाज
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

गिरगावकर
अवांतर: रंगाचं निघालंच आहे म्हणून. एशियन पेंट्स १९४२ मध्ये आमच्या गिरगावातल्या गायवाडीत, एका गॅरेजात सुरू झाली. चार मित्रांनी काढली. आणि नेरोलॅकचं मूळ लोअर परळचं, १९२० मधलं, तेव्हा नाव गहागन पेंट्स. अख्ख्या देशाला रंग लावणारी मुंबई आणि शिवडीकरांचा एक बंपर होत नाही.

शिवडीकर
गिरगावकर, जखमेवर थिनर चोळू नका.

संपादक
अवांतर वेगळ्या धाग्यात घ्यावे ही विनंती.

गिरगावकर
घेतो. पण एशियन पेंट्सच्या जाहिरातीतल्या गट्टूचं चित्र कुणी काढलं ते सांगूनच जातो: आर. के. लक्ष्मण, १९५४.

क्लेमवाली_ताई
मी मोटर विम्याच्या क्लेमचं काम बघते. बंपर म्हटलं की लोक लगेच क्लेम टाकायला निघतात, म्हणून हिशेब मांडते.

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी वर्षाची असो वा नऊ वर्षांची. म्हणजे नवा बंपर घेतलात तर निम्मे तुमचे. फायबरच्या भागांवर ३० टक्के. रंगकामाचं वेगळं आहे: घसारा फक्त रंगाच्या सामानावर, तोही ५० टक्के, आणि बिलात सामान वेगळं दाखवलं नसेल तर एकूण रंगबिलाच्या २५ टक्के सामान धरतात. चार हजारांचं रंगबिल असेल तर सामान हजार, त्यातले पाचशे कापले. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे हजार रुपये तुमच्या खिशातून. हाती आले अडीच हजार. त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, जो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असेल तर घसारा वाचतो, बोनसचा प्रश्न मात्र बघावाच लागतो, संरक्षण वेगळं घेतलं नसेल तर. नुसत्या बंपरच्या रंगासाठी क्लेम सहसा परवडत नाही.

आणि मागच्या वर्षीच्या कामाचा रंग निघाला, हा क्लेम होत नाही. तो अपघात नव्हे.

बोरिवली_फास्ट
ताई, प्रतिसाद आवडला. हे एजंटने कधी सांगितलं नव्हतं.

नवीन गाड्यांबद्दल एक माझ्याकडून. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आड, ब्लाइंड स्पॉटचा रडार असतो बऱ्याच गाड्यांत. त्याच्यासमोरच्या भागावर जाड थर, पुट्टी किंवा धातूचे कण जास्त असलेला रंग चढला तर रडारला अडथळा होतो. मॅन्युअलमध्ये बंपर रंगवण्याबद्दल सूचना असते, पेंटरला दाखवा. पार्किंग सेन्सरवरही थरावर थर चढवू नयेत. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत पेंटरने सेन्सर बंपरमध्येच ठेवून सगळं एकदम फवारलं. आता मागे भिंत आली तरी गाडी शांत, आणि मागे काही नसताना पीं पीं.

सायन_पूल_बंद
मुंबईत मागे काही नसतं असं होतं कधी?

शिवडीकर
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. आता सांगा, जुलै चालू आहे. लगेच करून टाकू की थांबू?

गंधकराव
शक्य असेल तर थांबा. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असताना उघड्या गॅरेजमध्ये टू-के मारलं तर हार्डनरचा काही भाग रंगाऐवजी पाण्याशी प्रक्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. वर बारीक फोड, चमक मंद. प्रमोटरवर दमट हवेचा थर बसला तर पकड जाते ती वेगळीच. बंद बूथ, गाळलेली कोरडी हवा, हीटर असेल तर पावसाळ्यातही होतं.

सीएसटी_रोड_पेंटर
बूथ असला तरी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडलं पाहिजे आणि लाइनला वॉटर ट्रॅप पाहिजे. पावसाळ्यात टाकीतून लोटाभर पाणी निघतं. ते बंदुकीतून बंपरवर गेलं तर काय होणार? आमच्याकडे बूथ आहे तरी मी बंपरची कामं गणपतीनंतरच घेतो. पैसे घेऊन शिव्या कोण खाणार.

तुमच्या बंपरसाठी ऐका. आधीचा रंग सगळा काढावा लागेल. जिथे आज घट्ट वाटतो तिथेही तो नुसता टेकलेलाच आहे, त्याच्यावर कितीही भारी काम केलं तरी खालून सुटणार. पेंट रिमूव्हर मात्र कुणाला लावू देऊ नका, तो लोखंडासाठी आहे, प्लास्टिक मऊ पडतं. हवेच्या प्रेशरने उडवायचा, राहिलेला घासून काढायचा. तुमच्या मिसेसना छंद आहेच, त्यांना करू द्या.

शिवडीकर
तिने हे वाचलं. कामाला लागली आहे.

माझा तिसरा प्रश्न मात्र राहिलाच. पेंटर खरंच प्रमोटर मारतोय हे मला कसं कळावं? तो पारदर्शक असतो म्हणता, म्हणजे नंतर दिसणारही नाही.

क्लेमवाली_ताई
बिलावर लिहून घ्या. प्लास्टिक प्रायमर, टू-के प्रायमर, बेस, क्लिअर, वेगवेगळ्या ओळींत. नुसतं "रिअर बंपर पेंटिंग" असं बिल घेऊ नका. लिहिताना अडखळला की समजायचं.

सीएसटी_रोड_पेंटर
बोलताना एकच विचारा, "ट्रान्सपरंट प्लास्टिक प्रायमर कुठला वापरता, डबा दाखवा." वापरत असेल तर हात लांब करून फळीवरून काढून देईल. करड्या प्रायमरचा डबा दाखवून "हाच प्लास्टिकचा" म्हणाला तर निघा. करडा प्रायमर पकडीचं काम करत नाही, तो घासून सपाट करायला असतो.

दुसरं, प्रायमर झाल्यावर बघायला येतो म्हणून आधीच सांगून ठेवा. चांगल्या पेंटरला राग येत नाही. आणि प्रायमर नीट वाळला की आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, ब्लेडने बारीक चौकटी मारून टेप चिकटवून झटक्यात ओढायला सांगा. चौकोन टेपला आले तर तिथेच थांबवा, अजून कलरचे पैसे गेलेले नाहीत.

गंधकराव
हे फार चांगलं सांगितलंत. आम्ही प्रयोगशाळेत हीच क्रॉस-कट चाचणी करायचो, फक्त ब्लेडला महागडं हँडल असायचं.

रंग झाल्यावरचंही सांगून ठेवतो. महिनाभर वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) काही नको, द्रावकं अजून बाहेर पडत असतात. प्रेशर वॉशरचं तोंड कडांपासून लांब, आणि कधीही कडेखालून वर मारायचं नाही. कावळ्या-कबुतरांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढायची, कोरडी खरवडायची नाही. वर्षावृक्षाखाली गाडी लावत असाल तर चिकट थेंबांचंही तेच. क्लिअर जिथे फाटतं, तिथून मग पाणी खाली शिरतं.

सायन_पूल_बंद
एवढं सगळं ऐकल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. काळा ठेवा.

सोनचाफा
मला उलट पटलं. माझ्या पुढच्या बंपरला चीर आहे, ती एकाने एपॉक्सी लावून दोनदा जोडली, दोनदा सुटली. तेच कारण असणार ना?

सीएसटी_रोड_पेंटर
तेच ताई. पीपीला गोंद पण चिकटत नाही. प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या, पीपीच्याच रॉडने, मागून जाळी बसवून. चीर लांब असेल तर गरम स्टेपलही मारतात. मग वरून रंग.

शिवडीकर
ठरलं तर. रंग सोलून झालाय, बंपर काळाच घेऊन गणपती काढतो, आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण गेला की, पेंटरदादा, तुमच्याकडेच येतो. व्यनि केला आहे. शेडचं काय करायचं? दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कोड आहे, तेवढा पुरेल?

सीएसटी_रोड_पेंटर
कोडवरून सुरुवात होते, पण सात वर्षांचं ऊन त्या कोडला माहीत नाही. पांढरा तर अजून अवघड, जरा पिवळा पडलेला असतो. येताना पेट्रोलच्या टाकीवरचं बाहेरचं झाकण काढून आणा, दोन स्क्रू असतात. त्याच्यावरून शेड मारतो, बंपर येईपर्यंत रंग तयार.

चहाबाज
आणि तोवर पंपावर गेल्यावर?

सीएसटी_रोड_पेंटर
आत आटे असलेलं दुसरं झाकण असतं दादा. ते काढून आणू नका म्हणजे झालं.